नाणेसंग्रहांतील विवेक

टीका म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें काव्य, नाटक आणि कादंबरी उभी राहते. परंतु टीकेची बरीचशी परिभाषा आपण सराफाच्या कट्ट्यावरून उचलली आहे, ही गोष्ट आपण विसरतों. कस, पारख, चोख, हिणकस, बावनकशी हे शब्द मूळचे सोन्यारुप्याचे. कवीच्या वाट्याला ते मागाहून आले. एखाद्या माणसाला आपण ‘खणखणीत नाणें’ म्हणतों, तेव्हां फरशीवर रुपया वाजवून घेणाऱ्या जुन्या व्यापाऱ्याचेंच आपण नकळत अनुकरण करीत असतों. म्हणून ग्रंथांच्या चर्चेला वाहिलेल्या या पृष्ठांत नाण्यांच्या संग्रहाविषयीं चार शब्द लिहिले, तर तें फारसें विषयांतर होणार नाहीं, असें मला वाटतें. शिवाय नवीन संग्राहकाला आज जो उपदेश चोहोंकडून केला जातो, तो टीकाशास्त्राच्या दृष्टीनें इतका सदोष आहे कीं, त्याची परीक्षा कोणीतरी करावयास हवी होती.

लिहिण्यास निमित्त असें घडलें. माझें घर पेणचें. गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी रोह्याहून मला भेटावयास आला. वाङ्मयाचा पदवीधर, स्वभावानें उत्साही, नोकरी नुकतीच लागलेली. इकडचें तिकडचें बोलणें झाल्यावर त्यानें पिशवींतून प्लास्टिकचें एक लहानसें पाकीट काढून माझ्यापुढें ठेवलें. ‘‘सर, मी नाणीं जमवावयास सुरुवात केली आहे. आपण एकदां नजर घालावी,’’ तो म्हणाला. पाकिटांत पांच नाणीं होतीं. सहावें रुमालाच्या कोपऱ्यांत बांधलेलें होतें, तें त्यानें संकोचानें मागाहून सोडलें. पहिल्या पांचांना मिळून त्यानें साडेनऊ हजार रुपये मोजले होते. घराचीं कौलें परतण्याकरितां आईनें बाजूला ठेवलेल्या पैशांतले ते होते, हेंही बोलण्याच्या ओघांत त्यानें सांगितलें. सहावें नाणें त्याच्या आजीच्या देव्हाऱ्यांतलें. त्याला एक पैसाही पडला नव्हता, आणि म्हणूनच कीं काय, त्याची त्याला किंमतही वाटत नव्हती. या सहा नाण्यांचा परामर्श घेतला म्हणजे नवशिक्यानें काय घ्यावें, काय टाळावें आणि कशासाठीं घ्यावें, हें सारें आपोआप निघेल.

पहिलें नाणें तांब्याचें, चांगलें जाड. एका बाजूस राम, सीता, लक्ष्मण आणि मारुति. दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचें नांव, ‘अर्धा आणा’ हे शब्द आणि १८१८ हें साल. विकणाऱ्यानें तें ‘कंपनी सरकारचें दुर्मिळ नाणें’ म्हणून दिलें होतें. वस्तुतः असें नाणें कंपनीच्या कोणत्याही टांकसाळींत कधीं पाडलें गेलें नाहीं. मद्रासेकडे कंपनीनें पाडलेल्या होनांवर विष्णूची मूर्ति आढळते हें खरें. परंतु तेवढ्यावरून रामपंचायतनाचा अर्धा आणा सिद्ध होत नाहीं. रामटंका या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या धार्मिक मुद्रा आपल्या देशांत पूर्वींपासून आहेत. त्या पूजेच्या वस्तु, चलनाच्या नव्हेत. त्या श्रद्धेच्या खांद्यावर कोणीतरी कंपनीचें नांव बसविलें आणि दोन्हींचा मिळून एक माल तयार केला. १८१८ हें सालही मोठ्या चातुर्यानें निवडलेलें दिसतें. पेशवाई बुडाल्याचें तें वर्ष मराठी मनांत कोरलेलें आहे, आणि ओळखीचा आंकडा दिसला कीं माणसाचा संशय निम्मा मावळतो. ऐतिहासिक कादंबरींत दोन-चार खरीं नांवें पेरून बाकीचें सारें कल्पनेनें भरावें, तसाच हा प्रकार.

दुसरें नाणें पिवळें, झळझळीत. शिवाजी महाराजांचा होन म्हणून तें त्याला चार हजारांना मिळालें होतें. ६ जून १६७४ या दिवशीं रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या गडाचें नांव १९८१ पासून आमच्या कुलाबा जिल्ह्याला मिळालें आहे. तेव्हां होन हा शब्द ऐकतांच रोह्याच्या तरुणाचें हृदय हलावें यांत नवल नाहीं. परंतु अस्सल होन हें सोन्याचें नाणें आहे, त्याचें वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असतें, आणि आज अशीं नाणीं इतकीं विरळ आहेत कीं, एखादें बाहेर आलें तर त्याची वार्ता होते. मीं त्याला एवढेंच विचारलें, ‘‘अरे, तेवढ्या वजनाच्या नुसत्या सोन्याला आज सराफ काय घेईल?’’ तो क्षणभर स्तब्ध राहिला. धातूचीच किंमत दिलेल्या पैशांच्या कितीतरी पट होत असतां, विकणारा इतिहास मात्र फुकट देत होता! येथें नाणकशास्त्राची गरजच नव्हती. बाजारहाट करणाऱ्या कोणाही गृहिणीची अक्कल पुरेशी होती. खोट्या वस्तूचा पहिला साक्षीदार पुष्कळदां तिची किंमत हाच असतो.

तिसरें नाणें शिवराई. शिवराईवर एका अंगास ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असतात, कडेनें ठिपक्यांचें वर्तुळ असतें. या प्रतींत सर्व अक्षरें, सर्व ठिपके, अगदीं एकूण एक, शाबूत होते; आणि तेंच मला खटकलें. जुन्या काळीं ठसा हातानें ठोकीत. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळें अक्षरांचा कांहीं भाग चकतीच्या बाहेर राहून जाई. म्हणून बहुतेक शिवराया अर्धवट वाचतां येतात: कुठें ‘श्री’ तुटलेली, कुठें ‘पति’ कडेवर अडकलेला. पूर्ण अक्षरांचें नाणें असतच नाहीं असें नव्हे. पण तें महाग असतें, आणि स्वस्तांत मिळालें तर संशयास जागा असते. भिंग लावून पाहिल्यावर पृष्ठभागावर बारीक बारीक छिद्रें दिसलीं, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीवरील छापासारख्या गुळगुळीत होत्या, आणि कडेनें फिरणारी एक पुसटशी रेघ होती. साच्यांत धातु ओतून केलेल्या नाण्याचीं हीं चिन्हें. ठोकलेल्या नाण्यांत धातु दाबली जाते व अक्षराला धार येते. ओतलेल्या नाण्यांत ती नुसती थिजते.

चौथा होता १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया. हा रुपया दुर्मिळ आहे हें खरें, आणि त्याच कारणानें त्याच्या नकला सर्वांत अधिक. बहुधा १९३८ चा सामान्य रुपया घेऊन त्याचा शेवटचा आंकडा कोरून बदलतात. मीं भिंग त्याच्या हातीं दिलें. नवाच्या आंकड्याभोंवतालची जमीन खरवडल्यासारखी दिसते, हें त्यानेंच मला दाखविलें. येथें मला हस्तलिखितांची आठवण झाली. पोथींत एखादें अक्षर खोडून त्यावर दुसरें लिहिलेलें असलें, तर संपादक प्रथम शाई पाहतो, मग अर्थ. साऱ्या ओळीचें मोल एका अक्षरावर अवलंबून असेल, तेथें तें अक्षर दहा वेळां तपासावें, हा नियम पोथीला आणि रुपयाला सारखाच लागू आहे.

पांचवें नाणें मात्र अगदीं खरें होतें. २०१२ सालीं सरकारनें काढलेलें वैष्णोदेवीच्या चित्राचें पांच रुपयांचें नाणें. तें त्यानें आठशे रुपयांना घेतलें होतें, कारण त्याला लाखो रुपये मिळतात अशी वदंता आहे. नाणें खरें, वदंता खोटी. अशा नाण्यांच्या आणि ७८६ हा आंकडा असलेल्या नोटांच्या जाहिराती कित्येक वर्षें फिरत आहेत. ‘विकावयाचें असेल तर आधीं नोंदणीचे पैसे पाठवा’ हें त्यांचें मर्म. रिझर्व्ह बँकेच्या नांवाचाही त्यांत उपयोग होऊं लागला, तेव्हां आपण जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीचा व्यवहार करीत नाहीं आणि त्याबद्दल कोणाकडून दलालीही मागत नाहीं, असा इशारा त्या बँकेला ऑगस्ट १९२१ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ऑगस्ट २०२१ मध्यें द्यावा लागला. साल मुद्दाम असें सांगितलें, कारण ही भोळ्या काळांतली गोष्ट आहे असें वाचकांस वाटूं नये. फसवणूक अशिक्षितांचीच होते असाही समज करून घेऊं नये. माझा विद्यार्थी पदवीधर आहे.

आतां या पांच खरेद्यांच्या मुळाशीं असलेला उपदेश पाहूं. त्याला तीन सूत्रें मिळालीं होतीं: जुनें तें मोलाचें, दुर्मिळ तेंच घ्यावें, आणि आज घेतलेलें उद्यां दुप्पट होतें. हीं तिन्ही सूत्रें अर्धसत्य आहेत, आणि अर्धसत्याची नाणीं बाजारांत खोट्या नाण्यांहून अधिक चालतात.

जुनें तें मोलाचें हें म्हणणें पहिल्याच कसोटीस उतरत नाहीं. कुशाण राजांचीं तांब्याचीं नाणीं दीड हजार वर्षांहून जुनीं आहेत, तरी तीं इतकीं विपुल सांपडलीं आहेत कीं, झिजलेलें एखादें थोडक्या पैशांत मिळतें. उलट १९३९ चा रुपया शंभर वर्षांचाही नाहीं. नाण्याची किंमत त्याच्या वयावर ठरत नाहीं. किती उरलीं, कशा स्थितींत उरलीं आणि तीं हवीं असणारे किती, यांवर ठरते. शिवराईचेंच पाहा. ‘महाराजांच्या हातची, १६७४ ची’ असें सांगून प्रत्येक शिवराई विकली जाते. पण महाराजांच्या नांवाची ही नाणीं त्यांच्या मागें पेशवाईच्या अखेरपर्यंत निरनिराळ्या टांकसाळींत पडत राहिलीं. म्हणून हातीं येणारी शिवराई बहुधा अठराव्या शतकांतली किंवा एकोणिसाव्याच्या आरंभींची असते. दोन ओळींच्या मध्यें दुहेरी रेघ असलेली ‘दुदांडी’ शिवराई ही अशीच उत्तरकालीन. हें कळल्यानें तिचें महत्त्व कमी होतें काय? मला तर उलट वाटतें. राजा जाऊन शंभर-सव्वाशें वर्षें झालीं, सत्ता छत्रपतींकडून पेशव्यांकडे गेली, तरी भाजीवालीच्या हातांतल्या तांब्यावर नांव त्याचेंच राहिलें, ही गोष्ट एका राज्याभिषेकाहून कमी अर्थपूर्ण नाहीं. परंतु तो अर्थ ज्याला खोट्या तारखेचाच मोह आहे त्याच्या हातीं लागत नाहीं.

दुर्मिळ तेंच घ्यावें, हें दुसरें सूत्र नवशिक्याला सर्वांत घातक. दुर्मिळ वस्तूची पारख करावयास सामान्य वस्तु शेकड्यानें पाहिलेली असावी लागते. ज्यानें ज्ञानेश्वरीच्या चार प्रती ताडून पाहिल्या नाहींत, त्यानें एकदम अप्रसिद्ध अभंगाचा शोध जाहीर करावा, तसें हें होय. आणि दुर्मिळाच्या मागें लागलेला मनुष्य जवळचें पाहत नाहीं. मराठ्यांचें चांदीचें नाणें द्या असें नवा संग्राहक दुकानांत जाऊन म्हणतो आणि देवनागरी अक्षरें शोधतो. त्याला कोणी सांगितलेलें नसतें कीं, पेशवाईतील बहुतेक रुपयांवर अक्षरें फारसी आहेत आणि नांव दिल्लीच्या बादशहाचें आहे. पुण्याचा अंकुशी रुपया ओळखावयाचा तो त्यावरील अंकुशाच्या खुणेनें. आंग्र्यांच्या मुलुखांतला अलिबागी रुपया तर आमच्या दाराशींचा. पण फारसी दिसली कीं हा तरुण ‘मोंगलांचें’ म्हणून तो बाजूला सारतो आणि खोटा होन घेऊन घरीं येतो. नांव एकाचें, सत्ता दुसऱ्याची, हा त्या शतकाचा सारा राजकीय इतिहास त्या एका रुपयांत सांठविलेला असतो. वाचणारा मात्र हवा.

म्हणून, ‘नाण्याआधीं पुस्तक’ हा पाश्चात्त्य संग्राहकांचा दंडक मला निरपवाद वाटतो. महेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाणीं यांवरील इंग्रजी ग्रंथ १९८९ सालीं नाशिकजवळच्या अंजनेरी येथील संशोधनसंस्थेनें प्रसिद्ध केला. आमच्या भागांतल्या नाण्यांचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्यानें पहिले पैसे अशा ग्रंथावर घालावे. परमेश्वरीलाल गुप्तांचें भारतीय नाण्यांवरील लहानसें पुस्तक आरंभास पुरेसें आहे. मग मुंबईस जावें आणि वस्तुसंग्रहालयांत कांचेआडचीं खरीं नाणीं डोळे भरून पाहावींत. खरें पुष्कळ पाहिलें म्हणजे खोटें आपोआप बोचूं लागतें. खोट्याच्या याद्या पाठ करून ही दृष्टि येत नाहीं. त्याखेरीज एक भिंग आणि सराफाकडे असतो तसा एक लहान वजनकांटा. १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता. झिजेनें वजन थोडें उतरेल, पण वाढणार नाहीं. कांटा खुशामत करीत नाहीं, हा त्याचा टीकाकारांपेक्षां मोठा गुण.

तिसरें सूत्र द्रव्यवृद्धीचें. नाण्यांचे भाव चढतात हें मी नाकारीत नाहीं. परंतु घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव यांत जें अंतर असतें, त्याविषयीं उपदेशक मौन पाळतात. ज्या दुकानदारानें हजाराला दिलें, त्याच्याकडेच दुसऱ्या दिवशीं तें परत नेऊन पाहावें. काय मिळतें तें कळेल. लिलावांत घ्यावें तर बोलीवर दलाली आणि कर चढतात, त्यांचा हिशेब बोलीपूर्वींच करावा लागतो. शिवाय नफ्याच्या आशेनें घेणारा मनुष्य वस्तूकडे पाहत नाहीं, तो तिच्या पलीकडच्या गिऱ्हाइकाकडे पाहतो. आणि वस्तूकडे न पाहणारा हाच फसविणाऱ्याचा सर्वांत आवडता ग्राहक. घेतांना पावती मागावी, तींत नाण्याचें वर्णन लिहून घ्यावें, खोटें ठरल्यास परत घेण्याचें वचन घ्यावें. जो दुकानदार एवढ्यानें रागावतो, त्याच्याकडे पुन्हां जाऊं नये. आणि घरीं आणल्यावर चिंच-लिंबानें घासून तें उजळूं नये. तांब्यावरचा काळपट तपकिरी थर हें त्याचें वय आहे. तो गेला कीं किंमतही जाते आणि शोभाही. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवल्यानें पुढें नाण्यावर हिरवट चिकटा येतो. कागदाचें साधें पाकीट त्याहून बरें.

येथपर्यंत मी उपदेशकाच्या आसनावर बसून बोललों. आतां त्या आसनावरून खालीं उतरणें भाग आहे, कारण या विषयांतली सर्वांत मोठी चूक माझ्या विद्यार्थ्याची नसून माझी आहे.

तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. पेणच्या बाजारांत भांड्यांच्या एका दुकानांत मी कांहीं कामासाठीं गेलों होतों. मोड म्हणून आलेल्या फुटक्या तांब्या-घागरींच्या शेजारीं एका परातींत शिवरायांचा ढीग पडला होता. रोह्याच्या बाजूस शेतांत बांध घालतांना एका मडक्यांत त्या निघाल्या आणि आणणाऱ्यानें वजनावर विकल्या, एवढें दुकानदारानें सांगितलें. मी हर्षानें वेडा झालों. तासभर बसून मीं त्यांतल्या चांगल्या, वाचतां येतील अशा चाळीस निवडल्या, तांब्याच्या भावापेक्षां थोडे अधिक पैसे दिले आणि स्वतःच्या चातुर्यावर खूष होऊन घरीं आलों. उरलेल्या चार-पांचशें आठवड्याभरांत भट्टींत गेल्या. शेत कोणतें, मडकें कसें होतें, एकूण नाणीं किती, त्यांत दुदांडी किती, दुसऱ्या कोणत्या राजाचें एखादें होतें काय, यांपैकीं एकही प्रश्न मीं विचारला नाहीं. त्या चाळीस शिवराया आजही माझ्याजवळ आहेत. त्या सुंदर आहेत, आणि मुक्या आहेत.

मीं काय घालविलें तें मला पुढें जोगळटेंभीच्या निधीविषयीं वाचतांना समजलें. नाशिक जिल्ह्यांतील या गांवीं १९०६ सालीं चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा सांठा सांपडला. नाणीं क्षहरात राजा नहपानाचीं. पण त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. एकाचा पराभव आणि दुसऱ्याचा विजय त्या चांदीवर एकावर एक उमटलेला होता. तें सुटें एक नाणें कोणा संग्राहकाच्या पेटींत गेलें असतें, तर एक कुतूहलाची वस्तु झाली असती. संपूर्ण सांठा मोजला, तपासला व प्रसिद्ध केला गेला, म्हणून तो महाराष्ट्राच्या इतिहासाचा आधारस्तंभ झाला. एक नाणें हा शब्द आहे. निधि हें वाक्य आहे. मीं वाक्य मोडून त्यांतले सुंदर शब्द तेवढे उचलले, आणि ज्या व्यवसायांत मीं आयुष्य घालविलें त्या व्यवसायांत याहून मोठा अपराध मला माहीत नाहीं.

कायदाही याविषयीं स्पष्ट आहे. १८७८ च्या निधिविषयक कायद्याप्रमाणें, जमिनींत सांपडलेलें दहा रुपयांहून अधिक मोलाचें धन जिल्हाधिकाऱ्यास कळविणें सांपडणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि त्याच कायद्यांत सांपडणाऱ्याच्या हक्कांचीही सोय आहे. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनें नाणें ही पुरावस्तु ठरते व तें खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेतां येत नाहीं. तेव्हां ‘परवांच शेतांत निघालें आहे, कोणास बोलूं नका’ असें कुजबुजून जो नाणें पुढें करतो, तो दोहोंपैकीं एक कांहीं करीत असतो: नाणें खोटें असेल तर तो तुम्हांला लुबाडतो, आणि खरें असेल तर तो सर्वांना लुबाडतो व तुम्हांला त्यांत भागीदार करून घेतो. दोन्ही पक्षीं उत्तर एकच: घेऊं नये.

विकणारा नेहमींच लबाड असतो असें मात्र नाहीं. कित्येकदां तो गरजू आणि अजाण असतो, आणि लबाडीची संधि घेणाराकडे येते. आमच्याकडील जुन्या घरांत पुतळ्यांची माळ असे. पुतळी म्हणजे मूळचें व्हेनिस शहराचें सोन्याचें नाणें. त्यावर तेथला राज्यप्रमुख संत मार्कापुढें गुडघे टेकून ध्वज घेतांना दाखविलेला असतो. व्यापाराबरोबर तीं नाणीं पश्चिम किनाऱ्यास उतरलीं आणि आमच्या आज्यांच्या गळ्यांत स्थिरावलीं. पुढें तशाच पुतळ्या इकडचे सोनारही घडवूं लागले. अशी माळ घेऊन एखादी वृद्धा अडचणीच्या वेळीं दारीं आली, आणि तींत एक पुतळी खरोखर व्हेनिसची आहे हें घेणारानें ओळखलें, तर त्यानें काय करावें? सोन्याच्या भावानें घ्यावें आणि मनांत हंसावें, असें बाजार सांगेल. मी म्हणतों, आधीं तिला काय आहे तें सांगावें आणि मग भाव करावा. ज्या ज्ञानानें आपण दुसऱ्याकडून फसत नाहीं, त्याच ज्ञानानें दुसऱ्यास फसवावयाचें नाहीं, एवढी मर्यादा जो पाळणार नाहीं, त्याची पारख कितीही सूक्ष्म असो, त्याला मी रसिक म्हणणार नाहीं.

आतां तें सहावें नाणें. आजीच्या देव्हाऱ्यांतली ती शिवराई हळदकुंकवानें माखलेली, एका बाजूनें जवळजवळ सपाट झालेली; दुसऱ्या बाजूस ‘राजा’ यांतला ‘रा’ आणि खालच्या ओळींतला ‘शि’ एवढेंच उरलेलें. बाजारांत तिला फारसें कोणी विचारणार नाहीं. पण सहांमध्यें जुनें असें खरें नाणें तेवढें एकच होतें, आणि तें कोठून आलें, कोणाच्या घरीं किती पिढ्या होतें, हें सांगणारें माणूस अजून हयात आहे. मीं त्याला सांगितलें, ‘‘आधीं आजींकडे बस. त्यांना तें कोणाकडून मिळालें, केव्हांपासून देवांत आहे, सारें विचार आणि कागदावर लिहून नाण्याबरोबर ठेव. तुझ्या संग्रहाचा पहिला क्रमांक हा. आणि देव्हाऱ्यांतून काढलेंस तें त्यांना विचारून काढलेंस ना?’’ तो ओशाळला. त्याच संध्याकाळीं तें परत जागेवर गेलें असें त्यानें मला नंतर कळविलें. सोबत आजीनें सांगितलेली दीड पानाची हकीकतही लिहून पाठविली. ती वाचण्यासारखी आहे.

त्यानें विचारलें, ‘‘मग मीं विकत काय घ्यावें?’’ मीं त्याला त्याच्याच गांवाची आठवण दिली. रोह्याच्या देशमुखांच्या घराण्यांतले चिंतामणराव देशमुख हे ऑगस्ट १९४३ पासून जून १९४९ पर्यंत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. पुढें ते केंद्राचे अर्थमंत्री झाले, आणि मेघदूताचा मराठी अनुवादही त्यांनीं केला. सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या दोन, पांच, दहा व शंभर रुपयांच्या नोटांवर त्यांची सही आहे. त्यांतल्या लहान नोटा, थोड्या वापरलेल्या, आजही बेताच्या पैशांत मिळतात. इंग्रज राजाचें चित्र आणि खालीं रोह्याच्या माणसाची सही, हा कागदाचा एक तुकडा १९४७ च्या उंबरठ्यावरची सारी अवस्था सांगतो. पेशवाईच्या रुपयावर बादशहाचें नांव होतें, त्याच्याशीं तो ताडून पाहावा. रोह्याच्या तरुणानें संग्रह येथून सुरू केला, तर त्याला खोट्या होनाची वासना होणार नाहीं. जवळचें, परवडणारें, वाचतां येणारें आणि ज्याचा माग लागतो असें, या चार विशेषणांत नव्या संग्राहकाचें शास्त्र संपतें.

साडेनऊ हजार रुपये त्याला परत मिळतील असें मला वाटत नाहीं. पावती एकाचीही नव्हती. कौलें येत्या पावसाळ्यापूर्वीं परतावींच लागतील, आणि तो खर्च त्याला पगारांतून करावा लागेल. जातांना ती खोटी शिवराई त्यानें माझ्याकडे ठेवली. वर्गांत दाखवावयास उपयोगीं पडेल असें तो म्हणाला. माझ्या चाळीस खऱ्या शिवरायांच्या शेजारीं मीं ती ठेवली आहे. एक घेणारा फसला म्हणून आली, चाळीस घेणारा फसला नाहीं म्हणून आल्या. आणि दोहोंपैकीं कोणत्या व्यवहारांत अधिक नुकसान झालें, हा प्रश्न पेटी उघडली कीं माझ्यापुढें उभा राहतो. नव्या संग्राहकांनीं निदान माझ्याहून एक प्रश्न अधिक विचारावा, एवढ्यासाठीं हा लेख.